गणपतीआधी खासगी दवाखान्यांनी ताप-खोकल्याचा आकडा रोज कळवावा का?

बंदरकाठ, रत्नागिरी: आपल्याकडे फ्लूचा जोर असतो जुलै ते सप्टेंबर, आणि त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून चाकरमानी भरभरून येतात. आरत्या, भजनं, एकेका घरात वीस-पंचवीस माणसं. साथ आल्याचं आपल्याला कळतं ते कोणीतरी दम लागून जिल्हा रुग्णालयात गेल्यावर. माझं मत स्पष्ट आहे: खासगी डॉक्टरांनी ताप-खोकल्याचे रुग्ण रोज कळवावेत. नाव नको, गाव, वय, आकडा पुरे. एखाद्या वाडीत आकडा दुप्पट झाला की घशातले नमुने घ्या.

डॉक्टर, चिपळूण: पटत नाही. पावसात अर्धी ओपीडी तापाचीच. लावणीच्या दिवसांत चिखलातून आलेल्या माणसाला ताप असेल तर मी आधी लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप बघतो, मग डेंगी, मलेरिया. शिवाय वाडीत दोनाचे चार झाले, तर तेही दुप्पटच! त्यावर पथक पाठवणार?

बंदरकाठ: वाडीचा मुद्दा मान्य. पूर्ण प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकडा धरू, मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडून. पण नुसता ताप मोजा असं मी म्हणतच नाही. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आजार दहा दिवसांच्या आतला, ही फ्लूसदृश आजाराची व्याख्या ठरलेलीच आहे.

आरोग्य सेविका, राजापूर: उपकेंद्रातून संशयितांची माहिती आम्ही भरतोच. सरकारच्या रोग-सर्वेक्षणाचा एस फॉर्म आमचा, पी डॉक्टरांचा, एल प्रयोगशाळेचा. २०२१ पासून सगळं ऑनलाइन, आणि सड्यावर रेंज नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच. २०२० च्या गणपतीत विलगीकरण झालं, ते लोक विसरलेले नाहीत. गावाचं नाव फुटेल या भीतीने मेडिकलमधून गोळ्या घेऊन घरीच बसतात. ते तुमच्या कुठल्या आकड्यात येणार?

डॉक्टर, चिपळूण: हेच. आणि कळवून आम्हाला परत काय मिळतं? कुठला विषाणू फिरतोय हे त्याच आठवड्यात सांगणार असाल, तर वयस्कर आणि गरोदर रुग्णांना ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध वेळेत देता येईल. पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर त्याचा जास्त उपयोग. तसं उत्तर येणार असेल तर उद्यापासून आकडा देतो.

बंदरकाठ: मग मागणी तीच करू या. आकडा तालुक्याकडे रोज, आणि तालुक्याकडून डॉक्टरांना दर सोमवारी उत्तर. गावाचं नाव मात्र जाहीर करायचं नाही.

आरोग्य सेविका, राजापूर: नमुन्यांची थंड पेटी आणि गाडी पण त्या मागणीत लिहा.