दुसऱ्या सत्राचं कॅल्क्युलस: गटात बसून की एकट्याने?

काटकोन

आमच्याकडे दुसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसला व्याख्यानांशिवाय आठवड्याला दोन तास कार्यशाळा असते. चौघाचौघांचे गट, सगळ्यांना तीच गणितं, फळ्याचा एक तुकडा आणि उत्तर न सांगणारा एक सहायक. गेल्या वर्षी मी विद्यार्थी होतो, यंदा सहायक आहे. माझं म्हणणं आहे की ही कार्यशाळा सक्तीची असावी. ऐच्छिक ठेवली तर ज्यांना खरी गरज असते तेच येत नाहीत.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. एकीने साइनला यू धरलं, म्हणजे त्याच्या जागी नवं अक्षर घातलं, तिचं उत्तर साइन वर्ग भागिले दोन. दुसऱ्याने कॉसला यू धरलं, त्याचं उणे कॉस वर्ग भागिले दोन. तिसरीने दुप्पट कोनाचं सूत्र लावलं, तिचं उणे कॉस दोन एक्स भागिले चार. दहा मिनिटं तिघं एकमेकांच्या वहीत चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. चौथा तोवर गप्प होता. तो म्हणाला, एक्सच्या जागी शून्य घालून बघू या. आलं शून्य, उणे अर्धा, उणे पाव. मग पाय (π) भागिले दोन घातलं. आलं अर्धा, शून्य, पाव. पहिल्या दोन उत्तरांत दोन्ही वेळा फरक अर्ध्याचाच, पहिल्या आणि तिसऱ्यात दोन्ही वेळा पावाचाच. उत्तरं तीन नव्हतीच, एकच होतं. बारावीपासून सवयीने शेवटी चिकटवलेलं ते ‘अधिक सी’, म्हणजे कुठलीही एक स्थिर संख्या, कशासाठी असतं, हे त्या टेबलावर त्या दिवशी कळलं.

हेच गणित एकट्याने केलं असतं तर? आपलं उत्तर एक, पुस्तकामागचं दुसरं. बरोबर आलेलं गणित खोडून मुलं पुढे जातात. मी स्वतः कितीदा तरी खोडलं आहे.

अर्धविराम

काटकोन, प्रसंग आवडला. पण शून्य घालून बघायचं सुचलं ते एकालाच. उरलेल्या तिघांना पुढच्या वेळी एकट्याने सुचेल का, हा माझा प्रश्न आहे.

माझं काय झालं ते सांगतो. ईचा एक्स घात गुणिले कॉस एक्स, हे गणित आमच्या गटाने कार्यशाळेत केलं. दोनदा बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रेशन तुकड्यांत करायची रीत) केलं की मूळचंच इंटिग्रल उलट चिन्हाने परत येतं, ते डावीकडे न्यायचं आणि दोनने भागायचं. मैत्रिणीने फळ्यावर करून दाखवलं तेव्हा इतकं स्वच्छ कळलं की मी वहीत उतरवूनही घेतलं नाही. परीक्षेत कॉसच्या जागी साइन आलं, बाकी सगळं तेच. पहिल्यांदा ईच्या घाताला डीव्ही (ज्याचं आधी इंटिग्रेशन करायचं तो तुकडा) धरलं, दुसऱ्यांदा न कळत साइन-कॉसला धरलं. केलेलं सगळं उलगडत गेलं आणि खाली उरलं शून्य बरोबर शून्य. चूक कुठे झाली तेही दिसेना. पेपरची बारा-पंधरा मिनिटं तिथेच गेली.

समोरच्याचं पटणं आणि आपल्याला येणं यांत फार अंतर आहे. गटात ते अंतर दिसत नाही, कारण कोणी ना कोणी पुढची ओळ सांगतंच. बाय पार्ट्स, आंशिक अपूर्णांक, त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशन या रीतींवर हात बसावा लागतो, आणि तो एकट्याने पानंच्या पानं गणितं केल्याशिवाय बसत नाही. त्या दोन तासांत मी घरी बसून वीस गणितं केली असती. सक्ती केली तर माझ्यासारख्याचे तेही तास जातील.

मूकवाचक

सहसा लिहीत नाही, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. मी हळू विचार करते. माझा प्रश्न वाचून होतो तोवर शेजारच्याने खडू उचललेला असतो. ‘कळलं ना?’ असं विचारलं की मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं तर चौघांचं काम थांबतं. सत्रभर मी हो म्हणत आले. सक्ती करणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचाही विचार करावा.

खडूची धूळ

बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे. कार्यशाळांच्या बाजूचा आहे, तरी अर्धविराम आणि मूकवाचक यांचं म्हणणं मला खरं वाटतं. या पद्धतीचं मूळ माहीत असेल तर गाडी कुठे अडते ते कळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्रीझमन नावाचा संशोधक विद्यार्थी होता. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणावर नापास होत. प्राध्यापकांना कारणं आधीच ठाऊक असल्यासारखी होती: तयारी कच्ची, जिद्द कमी, घरून पाठबळ नाही. ट्रीझमनने मुलांबरोबर राहून पाहिलं तेव्हा यातलं एकही कारण टिकलं नाही. मुलं हुशार होती, मेहनती होती, सांगितलेला अभ्यास नेमाने करत होती. पण करत होती ती एकेकटी. त्याच वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्याला आठ ते दहा तास एकट्याने गणितं करत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून वह्या ताडून बघत. सगळे मिळून चौदाएक तास होत. एखादं गणित कोणालाच आलं नाही तर ते गणितच अवघड आहे, हे त्यांना तिथेच कळे. एकट्या बसणाऱ्याला वाटे, कमी आपणच आहोत.

अर्धविराम, त्या चौदा तासांतले आठ-दहा एकट्याचे होते, हे विसरू नका. आपण नक्कल केली ती संध्याकाळची, आणि तिच्याआधीचे तास गाळून टाकले. तुमच्या मैत्रिणीने फळ्यावर गणित मांडलं तेव्हा तुमच्या वहीत त्याच गणिताचा अडलेला प्रयत्न असता, तर डीव्ही दोन्ही वेळा कशाला धरलं, हा प्रश्न तुम्ही तिला तिथेच विचारला असता.

दुसरं म्हणजे गणितांची निवड. ट्रीझमनच्या कार्यशाळा कच्च्या मुलांची उजळणी नव्हत्या. तिथे नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं दिली जात. हात बसवायची गणितं गटाला देणं म्हणजे चौघांचा वेळ फुकट घालवणं. चौघं लागतात ती सीरिजला, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांना. माझ्या वर्गात मी एकच प्रश्न देतो: एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, असं पुढे जात राहिलो, पदं शून्याकडे चालली आहेत, मग बेरीज कुठे तरी थांबेल का? वर्ग दुभंगतो. कोणी तरी संगणकावर बेरीज करून बघतो. दहाचा आकडा ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. ‘थांबणार’ म्हणणाऱ्यांना जोर येतो. मग एखाद्या टेबलावर कोणी म्हणतं, तिसरं आणि चौथं पद मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार मिळून अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळूनही. असे अर्धे संपतच नाहीत, तेव्हा बेरीजही थांबत नाही. हा युक्तिवाद चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने मांडला होता. माझ्या मुलांना तो दर वर्षी नव्याने सापडतो, आणि ज्याच्याशी वाद घालताना सापडला तो माणूसही त्यांच्या लक्षात राहतो.

मूकवाचक, तुमच्यासाठी नियम हवा. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, आणि खडू आळीपाळीने. आमच्याकडे आहे. तुमच्या सहायकाकडे हट्टाने मागा.

प्रमेय

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर हे गणितज्ञ १९२० ते १९६९ शिकवत होते. विद्यार्थ्यांना व्याख्या आणि प्रमेयं द्यायची, पुस्तक उघडायचं नाही, एकमेकांशी चर्चा करायची नाही, सिद्धता ज्याची त्याने शोधायची. त्यांच्या हाताखालून मोठमोठे गणितज्ञ तयार झाले. डोकं एकटं असतानाच खोल जातं. गटात जो पहिला बोलतो त्याच्याच वाटेने सगळे जातात, आणि आपली वाट कोणती होती हे कधी कळतच नाही.

खडूची धूळ

प्रमेय, मूर यांच्या वर्गात पुढे काय व्हायचं तेही सांगायला हवं. शोधलेली सिद्धता फळ्यावर सगळ्यांसमोर मांडावी लागे आणि बाकीचे तिच्यातल्या फटी शोधत. म्हणजे आधी एकट्याने, मग चारचौघांत. मी सांगतो आहे त्याहून हे फार लांब नाही. आणि मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घेत नसत, याची नोंद आहे. ट्रीझमन पुढे त्याच विद्यापीठात शिकवायला गेले. कोणाला वर्गात घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं, हे नजरेआड करून एखाद्या पद्धतीचं यश मोजणं मला जमत नाही.

काटकोन

सरांच्या म्हणण्याला जोड म्हणून. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्याच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना वर्गातच कामाला लावलं तिथे २१.८. शंभरातली बारा मुलं कमी नापास होत असतील तर सक्तीत मला काही वावगं दिसत नाही.

अर्धविराम

त्या हिशोबात गटकामाबरोबर प्रश्नाला बटण दाबून उत्तर देण्यापासून सगळंच धरलेलं आहे. त्यातून नुसतं व्याख्यान पुरत नाही एवढं निघतं. चौघांनी एका टेबलावर बसायची सक्ती करा, असं निघत नाही.

सरांचं आठ-दहा तासांचं मात्र पटलं. काल रात्री ते इंटिग्रल पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा ईच्या घातालाच डीव्ही धरलं आणि सुटलं. मग मुद्दाम चुकीच्या वाटेने गेलो. दुसरं बाय पार्ट्स पहिल्याला पाऊल-पाऊल मागे नेत होतं, तेव्हा ते शून्य कुठून आलं होतं ते दिसलं. हे मला एकट्याला रात्री अकरा वाजता दिसलं. टेबलावर तेवढं थांबायला कोणी दिलं नसतं.

म्हणून सक्तीला माझा विरोध कायम आहे. सक्ती करायचीच असेल तर वहीची करा. आपापली गणितं करून, अडलं तिथे खूण करून जो येईल त्यालाच कार्यशाळेत बसू द्या. हजेरीचे गुण काढा आणि ते त्या खुणांना द्या.

मूकवाचक

त्या खुणा टेबलावर सगळ्यांना दाखवायच्या की फक्त सहायकाला? फक्त सहायकाला असेल तर मी पुढच्या वेळी हो म्हणणार नाही.