अनुभव धागा: मध्ययुगीन फँटसीत दगाफटका आणि घराण्याची गुपितं कशी रचता?

किल्ले, ड्रॅगन आणि लढाया उभ्या राहतात, पण घरातल्याच माणसानं केलेला दगा पचत नाही. अनेक संहितांचं घोडं इथेच अडतं. जे अशा मालिका किंवा नाटकं लिहितात, संपादित करतात, त्यांनी आपली पद्धत लिहावी. प्रसंग कशामुळे उभा राहतो आणि कुठे कोसळतो, हे नेमकं सांगा.

पटकथा लिहिणारी

प्रत्येक गुपितासाठी एक तक्ता करावा. त्यात चार रकाने: कोणाला ठाऊक आहे, कधीपासून, पुरावा काय, आणि तोंड उघडलं तर त्या माणसाचं काय जातं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र इतकी वर्षं गप्प का बसलं याला उत्तर नाही, आणि प्रेक्षक तो प्रश्न विचारतोच. वारस अनौरस आहे हे फक्त राणीला माहीत असून चालत नाही. बाळंतपणाला दाई असते, नाव ठेवायला धर्मगुरू असतो, अंगावर पाजणारी असते. या तिघांपैकी एक जिवंत, एक लांब आणि एक नाराज ठेवावी. कथानक तिथूनच पुढे सरकतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आठव्या भागात गुपित फुटतं, पण ते तिथवर कोणी पोचवलं हे कुठेच नसतं. तक्ता भागागणिक पुढे लिहीत गेलं तर ही गळती लगेच सापडते.

मध्ययुगीन कायद्याचा अभ्यासक

रक्ताच्या गुपितापेक्षा लग्नाचं गुपित जास्त कामाचं. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या कायद्यानं लग्नाला दोघांनी वर्तमानकाळात दिलेला शब्द ('मी तुला पत्नी मानतो' असा, 'मानीन' नव्हे) पुरेसा असे. साक्षीदार नसले तरी लग्न वैध. त्यामुळे जुनं गुप्त लग्न बाहेर आलं की नंतरचं लग्न रद्द आणि त्यातली मुलं अनौरस. इंग्लंडमध्ये 1483 मध्ये राजा चौथा एडवर्ड वारला तेव्हा हेच घडवलं गेलं. त्याचं आधी एलेनॉर बटलरशी वचन झालं होतं असा दावा करून त्याच्या मुलांचा हक्क काढला, एडवर्डचा धाकटा भाऊ रिचर्ड गादीवर आला आणि 1484 मध्ये संसदेनं त्यावर शिक्का मारला. एलेनॉर 1468 मध्येच वारली होती आणि एडवर्डही गेलेला, म्हणजे दावा खोडायला दोघांपैकी कोणीच नव्हतं. तुमच्या कथेतही नेमका हा क्षण निवडा. गुपित खरं की रचलेलं, हे उघड न करताही राज्य उलटतं.

वारसाचं वय हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. इंग्लंडमध्ये लष्करी सेवेच्या अटीवर धरलेल्या जमिनीचा मुलगा वारस 21 वर्षांचा झाल्याशिवाय ती त्याच्या हाती येत नसे आणि वय सिद्ध करायला पंचांची साक्ष घेत. त्या साली माझी मुलगी जन्मली, माझं घर जळलं, अशा आठवणींवरून ते वय सांगत. पंच फितवले की वारस आणखी काही वर्षं तोवर जमीन सांभाळणाऱ्या पालकाच्या मुठीत.

संपादक

धक्का महत्त्वाचा की धाकधूक, यावर माझं मत पक्कं आहे: प्रेक्षकाला आधी कळू द्या. दगेबाज कोण हे ठाऊक असताना तो भावाच्या शेजारी बसून जेवतो, हे पाहणं उघडकीच्या क्षणापेक्षा भारी पडतं.

पटकथा लिहिणारी

वरच्याशी अर्धीच सहमत. दगा कळू द्या, कारण कळू देऊ नका. मुलगा ओलीस आहे म्हणून बाप फितूर झाला, हे दग्यानंतर कळलं की आधीची दृश्यं पुन्हा पाहावीशी वाटतात. त्यासाठी त्या दृश्यांत कृती बदलायची, संवाद नाही. बाप कर भरायला उशीर करतो, शिकारीला येत नाही, मुलाचा विषय निघाला की उठून जातो.

ओलीस ठेवल्यानं निष्ठा हमखास मिळते असं मात्र लिहू नका. 1485 मध्ये इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या लढाईत त्याच राजा रिचर्डच्या ताब्यात सरदार थॉमस स्टॅन्लीचा मुलगा होता, तरी थॉमस त्याच्या बाजूनं लढला नाही आणि भाऊ विल्यम ऐन वेळी गादीवर हक्क सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरकडून उतरला. हेन्री हा थॉमसचा सावत्र मुलगा. एकाच घरात दोन मुलगे दोन बाजूंना असले की निवड खरी वाटते.

प्रवास आणि निरोपांची गणितं करणारा

एकच घोडा असलेला स्वार रोज साधारण 50 ते 60 किलोमीटर कापतो, सामानासकट सैन्य 15 ते 25. तीनशे किलोमीटरवरचा काका दुसऱ्या दिवशी दारात आला तर दगा तिथेच फसला. कबुतर फक्त स्वतःच्या खुराड्याकडे परततं. म्हणून शत्रूच्या किल्ल्यातून खबर हवी असेल तर आपली कबुतरं पिंजऱ्यात घालून आधी तिथे पोचवावी लागतात. तो पिंजरा कोणाच्या नजरेस पडला, यावर एक अख्खा भाग निघतो.

कागदपत्रांवर काम करणारी

बनावट पत्र दाखवताना लाखेचा शिक्का सहज तुटतो आणि सहज जोडला जातो असं करू नका. मोहोर कोणाच्या ताब्यात असते ते ठरवा. धनी मेला की मोहोर फोडण्याची रीत युरोपात अनेक ठिकाणी होती; ती फोडायला झालेला एका रात्रीचा उशीर मृत राजाच्या नावानं फर्मान काढायला पुरतो.

दुसरी सोय दुभागलेल्या कराराची. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहीत, मधल्या जागेत मोठी अक्षरं काढत आणि त्या अक्षरांवरूनच नागमोडी कापत. दोन्ही तुकडे जुळले तरच करार खरा. सोयरिकीचं गुपित अशा तुकड्यात ठेवलं तर एक अर्धा माहेरी, एक सासरी, आणि पहिल्या भागात दाखवलेला कापलेला काठ शेवटी पुरावा ठरतो.

जादूचे नियम आखणारा

सत्य वदवून घेणारा मंत्र जगात असला तर सगळी गुपितं पहिल्याच दरबारात संपतात. तो ठेवायचाच असेल तर मर्यादा घाला: मंत्र फक्त विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर काढतो आणि बोलणारा जे खरं मानतो तेच वदतो. मग लहानपणी बदललेलं मूल मंत्राखालीही स्वतःला औरसच म्हणेल. हा नियम गुपिताला त्याची गरज पडण्याच्या किमान दोन भाग आधी, एखाद्या किरकोळ चोराच्या चौकशीत दाखवून ठेवा. ऐन प्रसंगात सांगितलेला नियम पळवाट वाटतो.