मदत हवी आहे : ड्रमकिटसाठी कमी बजेटमध्ये कोणते माइक?

रिमशॉट :
मंडळी, लवकर उत्तर हवंय. बँडची गाणी रेकॉर्ड करायची ठरलीत. गिटार, बेस, गाणं यांची सोय झालीय, घोडं अडलंय ते ड्रमच्या माइकवर. बजेट तुटपुंजं आहे. सात माइकचा एक तयार संच बघून ठेवलाय, पेटीसकट, क्लिपाही त्यातच. तेवढ्याच पैशात सुटे घ्यायचे तर तीन, फार तर चार येतील. संच घेऊ की सुटे? सुटे घ्यायचे तर कोणते? व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कृपया थेट नावं सांगा.

केबलवाला :
इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, माइकचे इनपुट किती आहेत?

अनाहत :
आणि खोली केवढी? छत किती उंच? टॉम किती? संगीत कोणत्या प्रकारचं? याशिवाय नावं सांगण्यात अर्थ नाही.

रिमशॉट :
इंटरफेस नवा आहे, चांगला आहे, त्याचा काही प्रश्न नाही. खोली नेहमीसारखीच. रॉक वाजवतो. साधं पाच ड्रमचं किट : पायाने वाजणारा किक, मधला खणखणीत स्नेअर आणि तीन टॉम. माइकची नावं सांगा ना प्लीज.

जुना_ठेका :
डोळे झाकून शुअर एसएम५७ घ्या. १९६५ पासून हा माइक जगभर चालू आहे. स्नेअर, टॉम, गिटारचा अँप, कुठेही लावा. हातातून पडला, वरून काठी बसली, तरी काही होत नाही. चार घ्या, विषय संपला. फक्त खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, ५७ आणि गाण्याच्या एसएम५८ च्या बनावट प्रती फार सुटल्या आहेत.

अनाहत :
स्नेअरला ५७, शंभर टक्के मान्य. पण चार ५७ घेतले तर ओव्हरहेडला, म्हणजे किटवर वरून रोखायला, काय लावणार? ५७ ची रेंज ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं, ते वजन सिंबलच्या, म्हणजे झांजांच्या, झटपट चढणाऱ्या आवाजाला साथ देत नाही. क्रॅश झांजेची वरची झळाळी बोथट होते. आणि किकला ५७ लावून खालचा भरणा मिळत नाही तो नाहीच.

जुना_ठेका :
स्वस्त कंडेन्सरमधून, म्हणजे हलक्या पडद्याच्या, वीज लागणाऱ्या माइकमधून, निघालेले सिंबल ऐकलेत का? कानात सुया टोचतात. बहुतेक स्वस्त कंडेन्सरचा वरचा भाग मुद्दाम उचललेला असतो, दुकानात ऐकताना छान वाटतो आणि चार मिनिटांच्या गाण्यात डोकं उठवतो. वाईट कंडेन्सरपेक्षा चांगला डायनॅमिक केव्हाही बरा, या मतावर मी ठाम आहे.

अनाहत :
टोचतात हे खरं. पण जास्त असलेलं ईक्यूने, म्हणजे आवाजाचा वरचा-खालचा भाग कमी-जास्त करून, खाली आणता येतं. मुळात रेकॉर्डच झालं नाही ते वर कुठून आणणार?

केबलवाला :
अहो, इनपुट किती?

रिमशॉट :
चार. मागे आणखी चार लाइनचे आहेत, त्यात अडॅप्टर लावून माइक घालता येतील ना? म्हणजे आठ होतात.

केबलवाला :
नाही होत. लाइन इनपुटला माइकचा प्रीअँप नसतो. माइकचा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो आधी प्रीअँपने बराच वर उचलावा लागतो. नुसत्या अडॅप्टरने ड्रमही पुटपुटल्यासारखे येतील, आणि कंडेन्सर असेल तर त्याला केबलमधून लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, तिथे मिळणारच नाही.

मागे चौकोनी ऑप्टिकल सॉकेट आहे का बघा. असेल तर आठ प्रीअँपचा वेगळा डबा घेऊन अॅडॅट या ऑप्टिकल जोडणीने ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर आठ चॅनेल आणता येतात. पण तो खर्च वेगळा, आणि तुमच्या बजेटमध्ये तो बसत नाही हे उघड आहे.

थोडक्यात, सात माइकचा संच तुमच्यासाठी बाद. तीन माइक पेटीतच राहतील. शिवाय स्वस्त संचात सगळ्यात कमजोर काय असतं, तर ओव्हरहेड. टॉमचे माइक जेमतेम ठीक असतात, किकचा चालून जातो, आणि ज्यांच्यावर अख्ख्या किटचा आवाज उभा राहतो ते दोन माइक पातळ निघतात. चार चॅनेल आहेत ना, मग दोन ओव्हरहेड, एक किक, एक स्नेअर. पैशाचा मोठा वाटा ओव्हरहेडवर टाका.

नादखुळा :
माझं ऐका, माइकच घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक किट घ्या किंवा भाड्याने आणा. मिडी, म्हणजे आवाजाऐवजी ठोक्यांची नोंद, रेकॉर्ड करा, नंतर हवा तो ड्रमचा आवाज त्यावर बसवा. ठोका चुकला तर माउसने सरकवा. ना खोलीची कटकट, ना फेजची (दोन माइकचे आवाज एकमेकांना खाण्याची), ना शेजाऱ्यांची. मी गेली काही वर्षं असंच करतोय आणि ऐकणाऱ्या कुणालाही फरक कळत नाही.

रिमशॉट :
इलेक्ट्रॉनिक नकोय. आमच्या ड्रमरचं निम्मं वाजवणं हाय-हॅट या जोडझांजेच्या उघडझापीवर आणि स्नेअरच्या घोस्ट नोट्सवर, म्हणजे अगदी हलक्या ठोक्यांवर, असतं, ते पॅडवर उतरत नाही. बरं, चार माइक तर चार. पण मग टॉमना माइकच नाहीत, टॉम ऐकू येणार कसे?

अनाहत :
ओव्हरहेडमधून. ओव्हरहेड म्हणजे फक्त सिंबलचे माइक हा समज आधी डोक्यातून काढा. ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत बघा. त्यात टॉमना वेगळा माइक नसतोच, आणि लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याचं किट त्यांनी असंच तीन-चार माइकवर मुद्रित केलेलं आहे.

पहिला माइक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण एक मीटरवर, तोंड खाली. दुसरा वर नाही, तो फ्लोअर टॉमच्या बाहेरच्या बाजूला, टॉमच्या कडेपेक्षा वीतभर उंच, आणि त्याचं तोंड टॉमवरून आडवं स्नेअरकडे. तिसरा किकला, चौथा स्नेअरला आधारापुरता.

यात एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची : पहिले दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर हवेत. टेप नको, दोरी घ्या. दोरीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध कुणाला तरी धरायला सांगा, पहिल्या माइकच्या जाळीपर्यंत ताणा, तिथे चिमटीत पकडा आणि तीच दोरी दुसऱ्या माइकपर्यंत न्या. चिमूट जाळीला टेकली पाहिजे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन अंतरांत १७ सेंटिमीटरचा फरक पडला तर एक माइक अर्धा मिलिसेकंद मागे पडतो, आणि दोन्ही एकत्र केल्यावर १ किलोहर्ट्झच्या आसपास स्नेअरचा आवाज खाल्ला जातो. मग तुम्ही तासन्‌तास ईक्यू फिरवत बसाल आणि दोष माइकला द्याल.

फ्लोअरटॉम :
छताचं अजून कुणी बोललं नाही. रिमशॉट, छत किती उंच? स्नेअरच्या वर एक मीटर गेलात आणि माइक छताच्या हातभर खाली आला, तर छतावरून परतलेला आवाज जवळजवळ लगेच त्याच माइकमध्ये शिरतो. सिंबल फिस्कटल्यासारखे, डबक्यातून आल्यासारखे लागतात.

रिमशॉट :
छत कमीच आहे. ड्रमर उभा राहून काठी वर केली की टेकते. खोलीत एक कपाट आहे, बाकी रिकामी.

फ्लोअरटॉम :
मग तुमच्यासाठी रेकॉर्डरमॅन पद्धत बघा, माइक खाली राहतात. पहिला स्नेअरच्या सरळ वर, दोन काठ्यांच्या लांबीएवढा. दुसरा ड्रमरच्या उजव्या खांद्याजवळ, तोही स्नेअरपासून दोन काठ्यांवर. मग दोरीने दोन्ही माइक किकच्या बीटरच्या (पायाने चालणाऱ्या हातोडीच्या) जागेपासूनही समान अंतरावर आणायचे. स्नेअर आणि किक दोन्ही मधोमध घट्ट बसतात. आणि ओव्हरहेडच्या डोक्यावर छताला जाड रजई किंवा दुलई ताणून बांधा, मध्ये थोडी हवा ठेवून.

नादखुळा :
छताला अंड्यांचे ट्रे चिकटवा. आवाज बाहेरही जाणार नाही.

केबलवाला :
कृपया हे सांगू नका. पातळ पुठ्ठ्याने आवाज अडत नाही. अडवायला वस्तुमान लागतं आणि फटी हवाबंद कराव्या लागतात. ट्रेने वरचा थोडा आवाज इकडेतिकडे विखुरतो एवढंच, खालचा सगळा जसाच्या तसा. वर तो पेट घेतो ते वेगळंच. आणि आवाज बाहेर जाण्याबद्दल इथे कुणी विचारलेलंही नाही.

नादखुळा :
मी लावलेत आणि मला फरक पडलाय. प्रत्येकाचा अनुभव वेगळा.

मंद्रसप्तक :
मध्येच विचारतो, ओव्हरहेडला घेतलेला कंडेन्सर गाण्यालाही चालेल का? मला दोन्ही करायचंय.

अनाहत :
छोट्या पडद्याचे पेन्सिल कंडेन्सर गाण्याला वापरता येतात, पण तोंडाच्या फुंकरीला फार हळवे असतात, पॉप फिल्टर हवाच. मोठ्या पडद्याचे दोन घेतले तर ते दोन्हीकडे चालतील, फक्त वजनदार असतात.

जुना_ठेका :
वजनावरून आठवलं. स्टँडचे पैसे कुणी धरलेत का? हलक्या बूम स्टँडवर माइक लांब काढला की तो सावकाश खाली झुकतो, नाहीतर ठोक्याच्या हादऱ्याने सरळ राइड झांजेवर कोसळतो. तिपाईचा एक पाय बूमच्या बरोबर खाली आणा आणि मागच्या टोकाला वजन बांधा. आणि सगळ्यात आधी हेड, म्हणजे ड्रमचं कातडं, बदला. स्नेअरचं वरचं हेड मधोमध पांढरं झिजून गेलं असेल तर कोणताही माइक तेच ऐकवणार. प्रत्येक बोल्टपासून दोन बोटं आत टिचकी मारून सूर सारखा लावा. या कामाला किल्लीखेरीज काही लागत नाही.

अनाहत :
याच्याशी पूर्ण सहमत. जुन्या हेडवर महागडा माइक लावण्यापेक्षा नव्या हेडवर साधा माइक कधीही चांगला.

रिमशॉट :
ठीक. आता नावं सांगाल का? ओव्हरहेड आणि किक. स्नेअरसाठी आमच्या गिटारवाल्याकडे एसएम५७ आहे.

केबलवाला :
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, एका माइकचे पैसे वाचले!

ओव्हरहेड : अगदी तळाला बेहरिंगर सी-२, जोडीनेच येतात, वरचा भाग तिखट, तो ईक्यूने उतरवावा लागतो. झेपत असेल तर रोड एनटी५ ची जोडी, वापरलेली मिळाली तरी घ्या. दोन वेगवेगळे माइक मात्र घेऊ नका, डावी-उजवी बाजू वेगळी लागते.

किक : एकेजी डी११२, शुअर बीटा ५२ए किंवा ऑडिक्स डी६. यातला जो वापरलेला पण धडधाकट मिळेल तो.

फ्लोअरटॉम :
डी६ चा आवाज मधून पोखरलेला असतो, खालचा दणका आणि वरची टकटक आयती मिळते. रॉकला लावा आणि विसरा. डी११२ जास्त कामांना चालतो.

जुना_ठेका :
डी६ ने सगळ्यांच्या किक एकसारख्या वाजायला लागल्यात. ड्रमरने लावलेला सूर त्यात कुठे ऐकू येतो? मी डी११२ च घेईन.

रिमशॉट :
सगळ्यांचे आभार. सी-२ ची जोडी घेतली, डी११२ एकाकडे वापरलेला मिळाला. रेकॉर्डरमॅन लावलं, दोरीने मोजून. ओव्हरहेड एकटे ऐकले तर अंगावर काटा आला, टॉमसुद्धा स्पष्ट! पण स्नेअरचा ५७ त्यात मिसळला की स्नेअर जाड व्हायच्या ऐवजी पातळ होतो. माइक खराब आहे का?

अनाहत :
माइक ठणठणीत आहे. स्नेअरचा मूळ सूर २०० हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याचं एक आवर्तन ५ मिलिसेकंदांचं. ओव्हरहेड जवळच्या माइकपेक्षा ८०-९० सेंटिमीटर लांब असेल तर आवाज तिथे अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. ५७ च्या चॅनेलची पोलॅरिटी, म्हणजे वर-खाली जाण्याची दिशा, उलटी करा.

रिमशॉट :
बटण कुठे असतं?

केबलवाला :
सॉफ्टवेअरमध्ये त्या चॅनेलवर, शून्यावर तिरकी रेघ अशी खूण असते. तीच परीक्षा किकवरही घ्या. ज्या स्थितीत खालचा आवाज भरीव लागेल ती ठेवा. आणि गेन, म्हणजे प्रीअँपची उचल, जरा खाली घ्या, सगळ्यात जोराचा ठोका उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटवर रेकॉर्ड करताय ना, मग भीती नाही.

रिमशॉट :
स्नेअर एकदम उभा राहिला. कमाल आहे! आता किकचंच उरलंय. नुसतं 'धुप' येतं, 'टक' येत नाही. पोलॅरिटी दोन्हीकडे करून बघितली.

फ्लोअरटॉम :
पुढच्या हेडला भोक आहे का? माइक आत आहे की बाहेर?

रिमशॉट :
भोक नाही. माइक बाहेर, हेडपासून चार बोटांवर.

फ्लोअरटॉम :
मग टक येणार कुठून? ती बीटर हेडवर आदळण्याची असते, बाहेर पोचेपर्यंत पुढचं हेड ती गिळतं. मध्यापासून बाजूला चार-पाच इंचांचं भोक पाडा आणि माइक आत घालून बीटरकडे रोखा. बीटरला नमदा असेल तर कडक बाजूने वाजवून बघा, बऱ्याच बीटरला दोन्ही बाजू असतात.

जुना_ठेका :
भोक पाडू नका. अखंड हेडचा गोल आवाज परत येत नाही. टक हवी असेल तर ३ ते ५ किलोहर्ट्झ थोडं उचला.

फ्लोअरटॉम :
नसलेली टक उचलून काय हाती येणार? सिंबलची गळती तेवढी वर येईल.

रिमशॉट :
भोक पाडायला ड्रमर तयार नाही. आज पुढचं हेड पूर्ण काढून बघतो. आत उशी ठेवायची तर बीटरच्या हेडला चिकटून की मधोमध?

फ्लोअरटॉम :
हेडला जेमतेम टेकेल अशी, दाबून नको, नाहीतर धुपही जाईल. माइक उशीवर ठेवू नका, स्टँडवरच ठेवा आणि बीटरपासून वीतभर मागे, किंचित एका बाजूला. आणि काढलेल्या हेडच्या कड्या-बोल्टना क्रमाने खुणा करा, परत बसवताना सोपं जातं.