अनुभव धागा : सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेला अल्बम

'अल्बम' हा शब्द संगीताला चिकटला तो पुस्तकासारख्या दिसणाऱ्या अल्बममुळे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावायची. मग एखादी लांब रचना पाच-सहा तबकड्यांत तोडून, पाकिटं शिवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत. १९४८ साली लाँग प्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, पुस्तक गेलं, नाव मात्र टिकलं. आता तबकडीही हातात नाही. गाणी सुटी कानावर पडतात आणि कशानंतर काय वाजणार ते ॲप ठरवतं.

म्हणून धाग्यावरच्या सगळ्यांना हे आवाहन; उत्तरं खाली, प्रत्येक '* * *' नंतर लिहिणारं माणूस वेगळं. कुठल्याही प्रकारच्या संगीतातला एक अल्बम घ्या, जो तुम्ही कलाकाराने लावलेल्या क्रमाने, मध्ये न उठता ऐकलाय. त्याच्याबद्दलचं तुमचं खरं मत लिहा. खटकलेलंही लिहा. 'मास्टरपीस आहे' एवढ्यावर कृपया थांबू नका.

सुरुवात मी करतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. जॅझ ऐकायचं तर इथून सुरू कर, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा वाटलं, गोड आहे, पण यात घडत काहीच नाही. माझे कान रागसंगीतावर वाढलेले. मी बढतीची, म्हणजे राग हळूहळू उलगडत जाण्याची, वाट बघत होतो. चौथ्या वेळी इतर सगळं सोडून फक्त पॉल चेंबर्सच्या बासच्या मागे गेलो आणि गाठ सुटली. 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) एकच स्वरसमूह, मग आठ बार तोच अर्ध्या स्वराने वर, मग आठ बार पुन्हा मूळ जागी. एवढाच सांगाडा. त्याआधीच्या बऱ्याच जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, इतक्या भराभर बदलत की वादकाचा जीव त्यांना गाठण्यातच जायचा. इथे त्याला एका जागी उभं राहून बोलायला मिळालंय. आणि प्रत्येकजण वेगळं बोलतो. डेव्हिस चार स्वर वाजवून गप्प बसतो. सॅक्सोफोनवरच्या कोल्ट्रेनला सगळं आत्ताच सांगून टाकायचं असतं. दुसऱ्या, ॲडर्लीच्या सॅक्सोफोनला तर चक्क हसू फुटलेलं असतं.

'हे जवळजवळ रागच आहे' असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. त्याला चलन असतं, एखाद्या स्वराकडे जायची ठरलेली वाट असते. इथे वाटा नाहीत, मोकळं मैदान आहे. साम्य आहे ते घाई नसण्यात, आणि ते पुरेसं आहे.

एकदा जुनी प्रत लावून पेटीवर साथ करायला बसलो तर सूर जुळेचना. मला वाटलं पेटीच उतरली. नंतर कळलं की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होताना टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे त्या तबकडीवर चढ्या वाजत. १९९२च्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. म्हणजे तीसहून अधिक वर्षं लोक चढ्या सुरातल्या 'ब्लू इन ग्रीन'वर जीव टाकत होते. मी अजूनही टाकतो, आता खऱ्या सुरात.

* * *

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७). शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या एका धनगराचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. हा अल्बम लोक पाहुणे आल्यावर मंद आवाजात लावून ठेवतात आणि त्यावर गप्पा मारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मीही तो कित्येक वर्षं तसाच ऐकला.

मग एका सुट्टीच्या दिवशी ठरवलं की ज्या रागाची जी वेळ, त्या वेळीच तो तुकडा लावायचा. अहीर भैरव आणि नट भैरव सकाळी. भूप दिवेलागणीनंतर, देस त्याच्याही नंतर, पहाडी झोपण्यापूर्वी. (हे सलग ऐकणं झालं नाही, मान्य आहे. पण दिवसभर मी दुसरं काहीच ऐकलं नाही.) सगळ्यात जास्त उमगली ती काब्रांची गिटार. संतूरची तार ठोकली की स्वर लगेच विझू लागतो, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हे त्या वाद्याचं दुखणं. शिवकुमारजी दांडी तारेवर हलकेच घासत नेऊन स्वर लांबवतात, तरी शेवटी ते थेंबांचं वाद्य आहे. बासरीला श्वास आहे. या दोघांच्या मध्ये गिटार तारेवरून घसरत येते आणि थेंब नि श्वास जोडून देते. इतकी वर्षं मला ती ऐकूच आली नव्हती.

तक्रारही आहे. भूप उमलायला लागतो आणि संपतो. एका तबकडीत एवढे राग बसवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार, हे कळतं. पण भूपाला आणखी दहा मिनिटं द्यायला हवी होती.

* * *

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. हेडफोन लावून, डोळे मिटून, दिवा बंद. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांनीच संपतो, आणि गाणी एकमेकांत अशी मिसळलेली की मध्ये जाहिरात आली तर अंगावर पाणी ओतल्यासारखं होतं.

माझ्यासाठी अख्खा अल्बम 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये आहे. क्लेअर टॉरी नावाची गायिका एका सत्रापुरती आली, आणि शब्दांशिवाय मृत्यूबद्दल गायली. यात तराण्याचेसुद्धा बोल नाहीत. आधी ती भांडते, मग थकते, मग स्वीकारते. वडील गेले त्या वर्षी मला रडू यायचं नाही. लोकांना ते विचित्र वाटायचं. हे गाणं ऐकताना पहिल्यांदा आलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, कायद्याचा मार्ग धरल्यावर, २००५ मध्ये तिला या गाण्याच्या रचनेचं श्रेय मिळालं. मिळायलाच हवं होतं. तो सूर तिचा आहे.

यानंतर लगेच नाण्यांचा खणखणाट करत 'मनी' येतं ते मला आजही सहन होत नाही. सात मात्रांची लय मोठी छान आहे, गाणंही चांगलं आहे, पण तिथे नको. तबकडीवर ऐकणाऱ्यांना इथे उठून बाजू उलटावी लागते. तेवढी उसंत तरी त्यांना मिळते.

* * *

मला एका अल्बमऐवजी दोन सांगायचे आहेत, पण रचना एकच आहे. बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', पियानोवर ग्लेन गूल्ड. पहिलं ध्वनिमुद्रण १९५५चं, तेव्हा तो बावीस वर्षांचा. दुसरं १९८१चं.

रचना अशी : सुरुवातीला एक 'आरिया', संथ, साधी. मग तिची तीस रूपं. आणि शेवटी तीच आरिया, जशीच्या तशी. गंमत ही की तीस रूपं वरच्या धुनेची नाहीतच, तिच्या खालून चालणाऱ्या बासच्या रेषेची आहेत. हे ठाऊक नव्हतं तोवर मी 'मूळ धून कुठे गेली' म्हणून शोधत राहायचे. ती सापडत नाही. तिच्याखालची जमीन मात्र सतत पायाखाली असते.

कॉलेजात असताना माझ्याकडे फक्त १९५५ होतं. सगळं मिळून अडतीस मिनिटं. काय वेग! बोटांना पंख फुटलेत असं वाटायचं. अभ्यासाला बसण्याआधी मी ते ऐकायचे आणि अंगात वारं भरायचं. कुणीतरी १९८१ ऐकवलं तेव्हा पहिली आरिया पुरी होण्याआधीच बंद केलं. पहिल्यात ती दोन मिनिटांच्या आत आटोपते, दुसऱ्यात तीन मिनिटं लागतात. म्हातारा झाला, दमला, असं वाटलं.

मग आई दीर्घ आजारी पडली. रात्री तिच्या खोलीबाहेर बसून जागायचं, तिचा श्वास नीट चालू आहे ना ते ऐकायचं. १९५५ त्या दिवसांत ऐकवेना. एवढ्या उत्साहाचं करू काय? एका रात्री १९८१ लावलं. एक्कावन्न मिनिटं. आणि ते दमलेलं नव्हतंच! प्रत्येक रूप आधीच्याच्या ठोक्यातून निघतं, जणू तीसही एकाच नाडीवर चाललीत. १९५५ मध्ये तीस सुटी रत्नं आहेत, १९८१ मध्ये एक माळ आहे. संथपणा तरी सगळीकडे कुठे आहे? पंचविसावं, सगळ्यात दुःखी रूप, उलट तरुण गूल्डनेच थोडं जास्त लांबवलंय. मोठा झाल्यावर तो त्या दुःखाशी रेंगाळत नाही.

तो वाजवताना गुणगुणतो, पियानोच्या मागून ऐकू येतं. पुष्कळांना त्याचा त्रास होतो. मला त्या रात्री त्या आवाजाची सोबत वाटली.

ऑक्टोबर १९८२ मध्ये गूल्ड गेला, पन्नासाव्या वर्षी. दुसरं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी बाहेर आलं होतं. आई बरी झाली. आता मी दोन्ही ऐकते, पण एकाच दिवशी कधीच नाही.

* * *

ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८). वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्या एकाच वेळी फिरतात, त्यामुळे तेच स्वर दर वेळी नव्या अंतराने एकमेकांना भेटतात. मला निद्रानाश आहे. यानं झोप येत नाही, पण झोप न येण्याची भीती जाते. दुसऱ्या तुकड्यातले नुसते मानवी आवाज मला सगळ्यात प्रिय. एवढंच.

* * *

लॉरिन हिल, 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', १९९८. हिप-हॉप म्हणजे आरडाओरडा आणि शिवीगाळ असं माझं पक्कं मत होतं. बहिणीने हट्टाने हा अल्बम ऐकवला. पहिल्याच मिनिटात शाळेतले शिक्षक हजेरी घेतात, लॉरिन हिलचं नाव पुकारतात आणि 'हजर' येत नाही. तिथेच मी खिळले.

'टू झायन' मध्ये ती पोटातल्या बाळाबद्दल गाते. करिअरचा विचार कर, असं सल्ला देणारे भोवती होते आणि तिने बाळ निवडलं. मागे कार्लोस सँतानाची गिटार. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते आणि नोकरीच्या ठिकाणी अगदी हेच ऐकत होते. संताप, प्रेम आणि धर्म एकाच श्वासात बोलता येतं, आणि बोलता बोलता मध्येच गाताही येतं, हे या अल्बमने दाखवलं. १९९९ मध्ये याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हिप-हॉपला पहिल्यांदाच.

मात्र लांबी फार आहे, सत्याहत्तर मिनिटं. सीडीत जागा आहे म्हणून ती भरायलाच हवी, असा तो काळ होता. गाण्यांच्या मधले वर्गातले संवाद पहिल्यांदा गोड वाटतात, पाचव्यांदा हात पुढे ढकलायला जातो.

* * *

मुलाच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाशी माझं वैर होतं. शेवटी म्हटलं, एक अल्बम पूर्ण ऐकतो, तूच निवड. त्याने ब्लॅक सॅबथचा पहिला निवडला, १९७०चा. पाऊस, लांबवर घंटा, मेघगर्जना, आणि मग तीन स्वरांचा तो जडशीळ घाव. तिसरा स्वर पहिल्याशी जुळतच नाही, षड्जाशी तीव्र मध्यम लागावा तसा टोचत राहतो. मग मुलाने सांगितलं की गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या आणि वाजवत राहिला.

सगळी गाणी आवडली नाहीत. दुसऱ्या बाजूला लांबलचक गिटारवादन भरकटतं, हे मी त्याला सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं. त्या खोलीचं दार मात्र आता बंद नसतं.

* * *

वर हेडफोन लावून ऐकण्याबद्दल लिहिलंय, त्यावरून माझं सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या कानाची श्रवणशक्ती अचानक गेली. त्यानंतर स्टिरिओ अल्बम माझ्यासाठी अर्धेच उरले. उजवीकडून येणारी गिटार नाहीच, कोरसमधले दोन आवाज गायब. जी गाणी मला पाठ होती ती दात पडलेल्या तोंडासारखी ऐकू यायची. काही महिने मी संगीतच बंद केलं.

मग बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) हाती लागला. तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सनलाही उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि त्याने हा अल्बम मोनोमध्ये बांधला. म्हणजे सगळं एकाच जागेतून येतं, आणि तरी गर्दी होत नाही. सायकलची घंटी, ॲकॉर्डियन, व्हायोलिनं, एकावर एक रचलेले गळे. 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी आवाज एकमेकांमागून फिरत येतात, तेव्हा मी ते एकूण एक मोजू शकले. काही सुटलं नव्हतं. एका कानाच्या माणसाने बनवलेलं, एका कानाच्या माणसाला पुरं ऐकू आलेलं. सगळ्यात शेवटी आगगाडी जाते आणि कुत्री भुंकतात. मी ती आगगाडी पार निघून जाईपर्यंत बसून राहिले.

अल्बम निर्दोष नाही. 'स्लूप जॉन बी' बाकीच्यांत बसत नाही, सहलीला आल्यासारखं वाटतं. १९९७ मध्ये याची स्टिरिओ आवृत्तीही निघाली, ती माझ्या कामाची नाही.

माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर : फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीखाली 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचं संगीत एका कानात येतं. मला हे सांगणारं कुणी भेटायला आठ महिने लागले. मात्र स्टिरिओ एकत्र केल्यावर काही अल्बम चिखलासारखे होतात, काही सुंदर उरतात. 'द डार्क साइड ऑफ द मून' अजून धीर करून लावलेला नाही. जे मुळातच मोनोत बांधलेले आहेत असे आणखी अल्बम ठाऊक असतील तर नावं द्या, कुठल्याही प्रकारचे चालतील.