'स्थलांतर' लिहिलं आणि भलतंच झालं: व्हीसेंटरच्या मायग्रेशनला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. एक शब्द अडलाय, साधाच आहे पण त्याच्यापायी माझा आख्खा शनिवार गेला म्हणून विचारतोय. मी एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूमला असतो. आमच्याकडे व्हीएमवेअरचा व्हीसेंटर ७ होता (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने अनेक मशीनं चालवतात, त्या सगळ्यांची देखरेख करणारी प्रणाली; ती मशीनं ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतात त्याला होस्ट म्हणतात, आणि व्हीसेंटर स्वतःही तसंच एक मशीन असतो), त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून ८ वर जायचं ठरलं. हाताखाली दोन ऑपरेटर आहेत, दोघं कामाला चोख, पण इंग्रजी कागद दिला की अडखळतात, म्हणून मी सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून काढल्या, दोन पानं, वर मथळा 'व्हीसेंटरचे नवीन आभासी उपकरणावर स्थलांतर'. त्या दिवशी मला पोचायला अर्धा तास उशीर झाला. तेवढ्यात धाकट्याने कागद वाचला, व्हीसेंटरच्या मशीनवर राइट क्लिक केलं, मेनूत 'मायग्रेट' दिसलं, मायग्रेट म्हणजे स्थलांतर हे त्याला पक्कं ठाऊक, त्याने मशीन दोन नंबरच्या होस्टवरून उचलून तीन नंबरवर नेलं. मशीन चालूच राहिलं, त्यामुळे काही झालंय असं वाटायचं कारण नव्हतं. मी आलो, इन्स्टॉलर लावला, त्याने विचारलं जुना व्हीसेंटर कुठल्या होस्टवर आहे, मी आपल्या कागदावरचा दोन नंबर टाकला, तर तो म्हणतो इथे असं मशीनच नाही. पाऊण तास मी डीएनएस (नावावरून आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, शोधून देणारी सोय) तपासत बसलो, नाव सुलट बघ, आयपी उलट बघ. तोवर बँकेने दिलेली वेळ संपली आणि काम पुढच्या शनिवारवर गेलं.
पोराची चूक नाही हो. त्याने कागदावर लिहिलं होतं तेच केलं. आता प्रश्न दोन, इथे 'स्थलांतर' बरोबर आहे का? आणि 'अप्लायन्स'ला काय लिहू? 'उपकरण' वाचून थोरला विचारत होता की नवीन डबा कधी येणारे, टेम्पो मागच्या दाराला लावायला सांगू का.

सोनचाफा
मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, संगणकातलं कळत नाही पण शब्दाचं सांगते. स्थलांतरातलं 'अंतर' म्हणजे लांबी नव्हे, 'दुसरं'. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसंच धर्मांतर, रूपांतर. म्हणजे बदलतं काय ते शब्दाचा पहिला भाग सांगतो. तुमच्या कामात नेमकं काय बदलतं ते सांगा, मग शब्द शोधू.

रात्रपाळी
ताई, हे फार नेमकं विचारलंत. काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात एक नवं, रिकामं मशीन तात्पुरत्या आयपीवर उभं राहतं. दुसऱ्या टप्प्यात जुन्यातला माल नव्यात जातो, तिथे तो विचारतो की नुसती सेटिंगं घ्यायची, का जुन्या घटनांच्या नोंदीही, का परफॉर्मन्सचे आकडेसुद्धा. मग जुनं मशीन बंद होतं आणि नवं मशीन जुन्याचं नाव आणि जुन्याचाच आयपी स्वतःकडे घेतं. खालच्या होस्टना वाटतं जुनाच आहे. बँकेची बाकीची मशीनं या सगळ्यात चालूच असतात, कारण व्हीसेंटर फक्त देखरेखीला आहे, तो दोन तास नसला तरी ती थांबत नाहीत.
म्हणजे स्थळ बदलतच नाही की! पत्ता तोच, नाव तेच. आणि त्या पोराने केलं त्यात मात्र स्थळ खरंच बदललं.

डोंगरकपार
मी पण याच धंद्यात, हिंजवडीला. मूळ घोळ मराठीत नाहीये, इंग्रजीतच आहे. व्हीएमवेअरच्या कागदांत विंडोजवरचा व्हीसेंटर अप्लायन्सवर नेणं याला मायग्रेशन म्हणतात, आणि अप्लायन्सवरून पुढच्या अप्लायन्सवर जाणं याला अपग्रेड. ६.७ पर्यंत विंडोजवर टाकता यायचा, २०२० ला ७.० आला तेव्हा विंडोजचा पर्यायच काढून टाकला, त्या काळात सगळ्यांनी मायग्रेशन केलं आणि तोच शब्द तोंडात बसला. तुम्ही ७ वरून ८ वर जाताय, म्हणजे तुमचं अपग्रेड आहे. आणि राइट क्लिकमधलं 'मायग्रेट' हे तिसरंच, ते चालतं मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर नेणं. एका शब्दाचे इतके अर्थ, पोरगं काय करणार. माझा सल्ला, भाषांतराच्या नादी लागू नका, 'व्हीसेंटर अपग्रेड' लिहा आणि मोकळे व्हा.

सोनचाफा
नादी लागू नका हे मला पटत नाही. रात्रपाळी, तुम्ही सांगितलंत त्यात जीव तोच, नाव तेच, देह नवा. याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, परकायाप्रवेश. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केला ती कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. तुमच्या ऑपरेटरला एका शब्दात चित्र दिसेल, आणि मेनूत तो शब्द सापडणार नाही म्हणून चुकीचं बटणही दाबलं जाणार नाही.

डोंगरकपार
ताई, कथेचा मान ठेवून सांगतो, त्या कथेत आचार्य परत स्वतःच्या देहात येतात आणि राजाचा देह दुसऱ्याचा असतो. इथे देह कोरा बनवलेला आहे. आणि रात्री दोनला मला फोन येतो तेव्हा समोरचा म्हणतो 'सर, मायग्रेशन ८० टक्क्यांवर अडकलंय', त्या वेळी मला एका क्षणात कळायला हवं काय अडकलंय. शब्द लोकांच्या तोंडी असेल तरच कामाचा. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी कागद, शाई, दफ्तर आपण आजही वापरतोच ना?

सोनचाफा
आणि दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्द रुजलेच ना? रुजवणारा भेटला की शब्द रुजतो. तुम्ही म्हणताय सवय झाली की शब्द चालतो, मग ती सवय मराठी शब्दाची लावायला काय हरकत आहे? ती लावलीच नाही तर पुढच्या पिढीकडे क्रियापदंच उरतील मराठी, 'केलं', 'झालं', 'लागलं', बाकी सगळं इंग्रजी. मला याचं खरंच वाईट वाटतं.

डोंगरकपार
महापौर घ्या, पण तारीख अजून तारीखच आहे ताई, दिनांक फक्त अर्जावर असतो. बोलताना 'आज काय दिनांक आहे' कोणी म्हणत नाही.

गोदाकाठ
दफ्तराचं निघालंय म्हणून, तो शब्द फारसीत ग्रीकमधून आला आणि ग्रीकमध्ये मूळ अर्थ कातडं. लिहायचं कातडं, मग वही, मग कचेरी, आणि आता पोराच्या पाठीवरची पिशवी. शब्दच किती घरं फिरलाय बघा.
पण मला स्थलांतराविषयी बोलायचंय. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे स्थलांतर म्हणलं की ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन, लेकरं-बाळं, भांडीकुंडी घेऊन माणसं कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. माझी चुलती जायची. घराला कुलूप, चावी शेजारच्या म्हातारीकडं, आणि दारातल्या तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडं. म्हणून स्थलांतर म्हणजे कायमचं गेलं असं आमच्या कानाला वाटतच नाही, त्यात परत येणं असतंच. पक्ष्यांचं पण तसंच. तुमचं ते जुनं मशीन काम झाल्यावर पुसून टाकतात का?

रात्रपाळी
नाही दादा, पुसत नाहीत. ते नुसतं बंद होऊन पडलेलं असतं. नव्यात काही बिघडलं तर नवं बंद करायचं आणि जुनं परत चालू करायचं. मी तर महिनाभर ठेवणार आहे. दोन्ही एकदम मात्र चालू करायची नाहीत, एकाच नावाचे आणि एकाच आयपीचे दोन होतात.

गोदाकाठ
मग स्थलांतर तितकंही चुकलं नाही म्हणायचं. कुलूप लावलेलं घर आहे मागं.

कृष्णाकाठ
'बिऱ्हाड' कसं काय कोणाला सुचलं नाही? बिऱ्हाड हलवणं. हा आमच्या भागातला कन्नड शब्द, बिडार, म्हणजे उतरायची जागा, तळ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना. माणूस तोच, बिऱ्हाड नवं. मला तर चपखल वाटतं.

सोनचाफा
बिऱ्हाड शब्द मला अतिशय आवडतो, पण त्यात पत्ता बदलतो. इथे बदलत नाही असं ते सांगतायत.

कृष्णाकाठ
बदलत नसेल तर मग घर पाडून बांधणं म्हणा. आमचं मातीचं घर पाडलं तेव्हा शेजारी पत्र्याची खोली मारली, नवं बांधून होईस्तोवर तिथे राहिलो, मग त्याच जागेवर, त्याच नंबरला, पोस्टमनला काही सांगावं लागलं नाही. आई मात्र वर्षभर जुन्या देवळीच्या उंचीवर हात नेऊन काडेपेटी शोधायची.

डोंगरकपार
उदाहरण छान आहे पण उलटं आहे. इथे जुन्या घरात राहतच नवं बांधतात, तात्पुरता पत्ता नव्या घराला असतो.

आजोळ
उशिरा आले. 'अप्लायन्स'वर कोणी बोललंच नाही. त्याला अप्लायन्स का म्हणतात? मिक्सरसारखं म्हणून ना? आत मोटर कुठली ते बघायचं नाही, आणलं, लावलं, चालू.

रात्रपाळी
अगदी तसंच. आधी विंडोज वेगळं टाका, डेटाबेस वेगळा टाका, मग व्हीसेंटर टाका असं असायचं. अप्लायन्समध्ये सगळं एकत्र बांधून येतं, आत फोटॉन नावाचं त्यांचंच लिनक्स आणि पोस्टग्रेस डेटाबेस.

आजोळ
मग मला आजीची 'उपकरणी' आठवतात. ताम्हन, पळी-पंचपात्री, निरांजन, घंटा, सगळं एका तबकात मांडलेलं, उचललं की पूजेला बसता येतं. तुमचा 'उपकरण' शब्द तिथलाच आहे की. अडचण आहे ती 'आभासी'ची. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. दहावीच्या विज्ञानात आभासी प्रतिमा म्हणजे जी पडद्यावर धरता येत नाही. तुमचं मशीन तसं आहे का?

डोंगरकपार
मुळीच नाही. व्हीसेंटर ८ चा सगळ्यात लहान साइज, दहा होस्ट आणि शंभर मशीनंपर्यंतचा, तोसुद्धा १४ जीबी रॅम घेतो. १४ जीबी घेणाऱ्याला आभास म्हणवत नाही. 'आभासी'ला माझाही ठाम विरोध आहे.

सोनचाफा
इथे आपलं एकमत झालं. 'व्हर्च्युअल' या इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ 'बळ, गुण' असं आहे, म्हणजे रूप नसलं तरी गुणाने तेच. आभासीत गुण राहतच नाही, उलट खोटेपणा येतो, हेत्वाभासासारखा, म्हणजे खरा वाटणाऱ्या पण खोट्या तर्कासारखा. 'गुणरूप' म्हणता येईल का?

गोदाकाठ
'गुणरूप उपकरण' वाचून तो थोरला ऑपरेटर पुन्हा टेम्पोचंच विचारील ताई.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा बसतोय. सध्या मथळा केलाय, 'जुना व्हीसेंटर ७ बंद करून त्याच नावाने नवा व्हीसेंटर ८ उभा करणे'. लांब आहे, पण धाकट्याला वाचून दाखवला आणि काय करायचं विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. खाली लाल पेनने, 'मेनूतल्या मायग्रेटला हात लावू नये'. अप्लायन्स तसंच अप्लायन्स ठेवलंय, 'डबा येणार नाही' अशी ओळ घालून. पण ताई, एका शब्दात सांगायचं तर अजून अडलेलंच आहे.

सोनचाफा
मी अजून परकायाप्रवेशावरच आहे. एकदा वापरून बघा.

कृष्णाकाठ
आजोळताई, तुमच्याकडे उपकरणी 'घासली' म्हणतात का 'घासल्या'? आमच्याकडे आई 'उपकरणी घासून ठेव' म्हणायची त्यामुळे कळायचंच नाही.

आजोळ
घासली. सगळी मिळून एक. एकटी पळी घासली तर पळी घासली, उपकरणी म्हणणार नाही.

गोदाकाठ
आमच्यात घासल्या.