युरिया टाकला अन् कुरणातलं स्टायलो गायब, असं कसं?

बरडवाला, आर्वी:
नमस्कार मंडळी, आमची दीड एकर मुरमाड बरड हाये, कापूस येत नाही म्हणून दोन वर्षांआधी गवळाऊ गाईंसाठी मारवेल गवत अन् त्यातच स्टायलो, म्हणजे शेंगवर्गीय चारा, पेरलं. पहिल्या साली मारवेल पिवळं पडलेलं अन् स्टायलो हिरवंगार. यंदा वाटलं गवताले जोर यावा, जुलैत एक बॅग युरिया फेकला, तर मारवेल मांडीपर्यंत गेलं पण स्टायलो शोधत फिरा लागते. मले दोन्ही पाहिजे, नुसत्या गवतावर गाय दूध देत नाही. चुकलं कुठं?

काटोलचा शेतकरी:
दादा, स्टायलोच्या मुळावर गाठी असतात, त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र धरून त्याला देतात, म्हणून तुमच्या उपाशी बरडीत ते तगलं आणि गवत मागं पडलं. युरियात ४६ टक्के नत्र, ते मारवेलनं आधी उचललं, उंच झालं अन् स्टायलोवर सावली धरली. त्यातून आयतं नत्र मिळालं की स्टायलो स्वतःच गाठी कमी करते. युरिया बंद करा, सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, द्या. शेंगवर्गीयाला स्फुरद लागतोच आणि गवताची झुबकेदार मुळं तो आधी ओढतात, तिथंच स्टायलो मार खाते.

नवा_गोपालक:
न्यूझीलंडच्या व्हिडिओत पांढरं क्लोव्हर, तेही शेंगवर्गीयच, गवतात दिसते, ते आणू का?

काटोलचा शेतकरी:
नको भाऊ, ते थंड हवेचं, आपल्या मे महिन्यात जळून जाईल. त्याच्या कुळातलं आपल्याकडं बरसीम, तेही रब्बीत, विहिरीले पाणी असलं तरच. पण भांडण तिथंही हेच, नत्र वाढलं की गवत वरचढ.

जुना गुराखी:
पोरा, पावसाळ्याच्या सुरुवातीले ढोरं कोवळं गवतच आधी खातात, स्टायलोले तोंड लावत नाहीत. तवा हलकी चराई करून घे, गवत खाली राह्यते, स्टायलोले ऊन भेटते. मंग बी पडेपर्यंत ढोरं आत सोडू नको, बी नाही पडलं तर पुढच्या साली काय उगवन?

बरडवाला, आर्वी:
आज उपटून गाठी कापून पाह्यल्या. धुऱ्याजवळ, जिथं युरिया पडला नव्हता, तिथं आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे चालू हायेत न? मधल्या झाडांच्या बारीक अन् हिरवट. धुऱ्यावरचं बी गोळा करून ठेवतो. पण मारवेल आता कापू का ढोरं सोडू?

जुना गुराखी:
काप. पण विळा वितभर वर चालव, खालचं स्टायलो वाचलं पाह्यजे.