चर्चच्या मराठी शाळा: तोटा सोसून चालवाव्यात की नाही?

बावखल
वसईत कित्येक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) चर्चच्या आवारातच शाळा. माझीही तशीच, मराठी माध्यमाची. आईबाप वाडीत केळी आणि पानवेली करायचे, सही करताना आजोबांचा हात थरथरायचा. आमच्या घरात वाचन आणलं ते त्या शाळेने. निबंधाची वही फादर स्वतः तपासायचे, लाल शाईत ऱ्हस्व-दीर्घ सुधारून.
परवा तिथे गेलो. पहिलीच्या वर्गात अकरा मुलं. शेजारच्या इंग्रजी इमारतीत मात्र बाकाला तिघं. याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उद्या असा माणूस कुठल्या वर्गातून येणार? माझं मत स्पष्ट आहे: चर्चने मराठी वर्ग चालवलेच पाहिजेत, तोटा झाला तरी.

सदाफुली
तोटा सोसायचा कुणी? त्या अकरा मुलांनी? मी मराठीतूनच शिकले. अकरावी सायन्सला पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. लेकीला इंग्रजीत घातलं, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. घरी आम्ही कुपारीच, म्हणजे आमची वसईची बोलीच बोलतो.

म्हापशेकर
गोव्यात हे होऊन गेलंय. 1990 मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी किंवा मराठी माध्यमाला. तेव्हा डायोसेसन सोसायटी या चर्चच्या शिक्षणसंस्थेच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी घेतली. बाई तेव्हा स्वतःच देवनागरी गिरवून मग आम्हाला शिकवायच्या, कारण त्यांची सवय कोकणी रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहायची. दोन दशकं हे चाललं, पण पालकांचं मन इंग्रजीतच होतं. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरलं आणि या शाळा परत फिरल्या. भाषेसाठी केवढी आंदोलनं झाली! 2016 मध्ये तर याच प्रश्नावर संघाच्या गोवा शाखेत फूट पडली. तरी या शाळा इंग्रजीतच राहिल्या.
बावखल, तुमची तळमळ मला कळते. पण पालक सोबत नसतील तर हट्टाने भाषा टिकत नाही.

रानपाखरू
मला भाषेपेक्षा मोठा प्रश्न वेगळा वाटतो: या शाळा आता कुणासाठी आहेत? बाल हक्क आयोगाच्या 2021च्या अहवालाप्रमाणे ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतली सुमारे 74 टक्के मुलं अन्य समाजांची. ते चांगलंच आहे. पण 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं, म्हणजे गरिबांसाठीच्या 25 टक्के जागांचं बंधन नाही. कायदा सांगत नसला तरी येशूची शिकवण सांगते ना? शहरातल्या एका नामांकित कॉन्व्हेंटमध्ये आमच्या घरकामवाल्या ताईंना फॉर्मसुद्धा मिळाला नाही.

सदाफुली
रानपाखरू, हे मात्र शंभर टक्के पटलं. माध्यम कुठलंही असो, त्या ताईंची मुलगी आत आली पाहिजे.

बावखल
म्हापशेकर, पालक सोबत नाहीत हे मान्य. पण त्यांना सोबत आणायचा प्रयत्न तरी कुणी केला? मराठी वर्गाला चांगला इंग्रजीचा शिक्षक द्या, सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान शिकवा, मग बघू पट किती वाढतो. आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंची जागा दोन वर्षं रिकामी आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) पॅरिश कौन्सिलपुढे हे मांडणार आहे. सदाफुली, तुम्हीही या. तुमचे ते सहा महिने तिथे ऐकायला हवेत.